उष्णता कोणाची आणि कितीला? रसायनशास्त्रातली ऊर्जेची गणितं सोडवताना

उष्णतेच्या गणितांमध्ये गणित फारसं नसतं. गुणाकार, वजाबाकी, शेवटी एखादा भागाकार. तरीही या धड्यात माणसं अडकतात. मीही अडकलो होतो. पहिल्या परीक्षेत या धड्यावर पाच गणितं होती, त्यातली तीन चुकली, आणि गंमत म्हणजे तिन्हींत आकडेमोड बरोबर होती. दोन ठिकाणी चिन्ह उलटं आलं होतं. तिसऱ्या ठिकाणी मी दोन मोलचं उत्तर लिहिलं होतं, विचारलं होतं एका मोलचं (मोल म्हणजे पदार्थाचं प्रमाण मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक).

तेव्हापासून मी प्रत्येक गणिताच्या वर पेन्सिलने दोन शब्द लिहायला लागलो: ‘कोणाची?’ आणि ‘कितीला?’. म्हणजे ही उष्णता कोणाच्या खात्यातली आहे, आणि हा आकडा किती पदार्थासाठी आहे. सूत्रं नंतर. खालचं सगळं लिखाण या दोन शब्दांभोवतीच फिरतं.

## सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- साधा कॅल्क्युलेटर.
- आवर्तसारणी, म्हणजे रेणुवस्तुमान (एका मोलचं ग्रॅममधलं वस्तुमान) काढता येईल.
- प्रमाण निर्मिती एन्थाल्पीचा तक्ता (एक मोल पदार्थ त्याच्या मूलद्रव्यांपासून बनताना किती उष्णता दिली-घेतली जाते ते) आणि बंध ऊर्जेचा तक्ता (बंध तोडायला किती ऊर्जा लागते ते). दोन्ही पाठ्यपुस्तकाच्या शेवटी असतात.
- खालचे आकडे. हे मुद्दाम पाठ करू नका, वापरून वापरून आपोआप बसतात.

पाण्याची विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम पदार्थ एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) ४.१८ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस. बर्फाची सुमारे २.१, ॲल्युमिनियमची ०.९०, लोखंडाची ०.४५, तांब्याची ०.३९. बर्फ वितळण्याचा अप्रकट उष्मा (तापमान न बदलता वितळायला लागणारी उष्णता) ३३४ ज्यूल प्रति ग्रॅम. पाण्याच्या बाष्पनाचा सुमारे २२६० ज्यूल प्रति ग्रॅम. १ कॅलरी म्हणजे ४.१८४ ज्यूल. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर लोक ज्याला नुसतं ‘कॅलरी’ म्हणतात ती प्रत्यक्षात किलोकॅलरी असते, हजारपट मोठी. या एका गोष्टीने बरीच उत्तरं हजारपटीने चुकतात.

आकडे पुस्तकागणिक थोडे हलतात, कुठे ४.१८, कुठे ४.१८४, कुठे ४.२. प्रश्नात जो दिला असेल तोच घ्या.

## १. आधी प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

प्रश्न वाचून लगेच आकडे सूत्रात टाकू नका. आधी एवढंच बघा: नवा पदार्थ तयार होतोय का?

होत नसेल, तर गणित नुसत्या तापण्याचं, थंड होण्याचं किंवा वितळण्या-उकळण्याचं आहे. तिथे वस्तुमान, विशिष्ट उष्माधारकता आणि अप्रकट उष्मा लागतात. नवा पदार्थ होत असेल, तर गणित अभिक्रियेचं आहे, आणि तिथे मोल आल्याशिवाय राहत नाहीत. तिसरा प्रकार या दोघांना जोडणारा: अभिक्रिया पाण्यात घडते, पाण्याचं तापमान बदलतं आणि त्यावरून अभिक्रियेची उष्णता काढायची असते. सगळ्यात जास्त गोंधळ या तिसऱ्यात होतो, म्हणून त्यावर खाली जरा रेंगाळणार आहे.

## २. ‘कोणाची?’ म्हणजे चिन्हाचा प्रश्न

ज्याचा हिशोब आपण मांडतोय ती प्रणाली, बाकी सगळं परिसर. प्रणालीत उष्णता आली तर अधिक, बाहेर गेली तर उणे. पैशाच्या वहीसारखंच आहे, फक्त वही कोणाची हे आधी ठरवायचं. तेच पैसे एकाच्या वहीत जमा असतात आणि दुसऱ्याच्या वहीत खर्च.

उष्मादायी अभिक्रियेत भांडं गरम लागतं. इथे नवशिक्याचं मन म्हणतं, ‘गरम झालं म्हणजे अधिक.’ गरम काय झालं? भांडं, पाणी, तुमचा हात. हा सगळा परिसर. त्याच्या वहीत जमा झालं, म्हणजे अभिक्रियेच्या वहीतून गेलं. म्हणून उष्मादायी अभिक्रियेची डेल्टा एच उणे. उष्माग्राही अभिक्रियेत भांडं गार पडतं आणि डेल्टा एच अधिक. गार पडलं की अधिक, हे सुरुवातीला विचित्र वाटतं. वाटू द्या. दहा गणितांनंतर वाटायचं थांबतं.

(डेल्टा एच म्हणजे एन्थाल्पीतला बदल. उघड्या भांड्यात, म्हणजे कायम दाबाखाली, अभिक्रियेने दिलेली किंवा घेतलेली उष्णता, इतकं समजून पुढे चला. सुरुवातीच्या गणितांना तेवढं पुरतं.)

## ३. नुसतं तापणं आणि थंड होणं

उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता × तापमानातला फरक

तापमानातला फरक म्हणजे नेहमी शेवटचं तापमान वजा सुरुवातीचं. मोठ्यातून लहान वजा करायची शाळेतली सवय इथे सोडा. शेवटचं वजा सुरुवातीचं केलं की चिन्ह आपोआप बरोबर येतं.

२५० ग्रॅम पाणी २२ अंशांवरून ८५ अंशांवर न्यायचं आहे. फरक ६३. उष्णता = २५० × ४.१८ × ६३ = ६५,८३५ ज्यूल, म्हणजे सुमारे ६५.८ किलोज्यूल. पाण्याने घेतली, म्हणून अधिक. झालं.

सापळा: या सूत्रात मी एकदा फरकाला २७३ मिळवले होते. ‘तापमान केल्विनमध्येच घ्यायचं’ असं कुठेतरी डोक्यात बसलं होतं. ६३ चे ३३६ झाले आणि उत्तर पाचपटीहून जास्त फुगलं. तापमान केल्विनमध्ये घेतलंत तर दोन्ही टोकांना २७३ मिळतात आणि वजाबाकीत उडून जातात. फरक तोच, ६३. केल्विनची खरी गरज वायूंच्या सूत्रांत पडते, इथे नाही.

दुसरी गोष्ट: विशिष्ट उष्माधारकता एका ग्रॅमची असते, नुसती उष्माधारकता अख्ख्या वस्तूची. प्रश्नात ‘कॅलरीमापीची (उष्णता मोजायच्या उपकरणाची) उष्माधारकता १० किलोज्यूल प्रति अंश’ असं दिलं असेल तर तिला वस्तुमानाने गुणू नका. थेट तापमानाच्या फरकाने गुणा. कोणतं दिलंय ते एककावरून कळतं: एककात ‘प्रति ग्रॅम’ आहे की नाही, एवढंच पाहा.

## ४. गरम आणि थंड एकत्र आले तर

एकाने दिलेली उष्णता दुसऱ्याने घेतली, मधे गळती नाही, हे इथलं गृहीत. इथे दोन वह्या आहेत आणि दोन्हींची बेरीज शून्य.

९५ अंशांचा १५० ग्रॅमचा लोखंडी तुकडा २५ अंशांच्या २०० ग्रॅम पाण्यात टाकला. शेवटचं तापमान किती?

आधी दोघांची ‘ताकद’ काढा, म्हणजे वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्माधारकता. लोखंड: १५० × ०.४५ = ६७.५. पाणी: २०० × ४.१८ = ८३६. या दोन आकड्यांकडे नुसतं पाहिलं तरी उत्तराचा वास येतो. पाणी बारापट तगडं आहे, म्हणजे शेवटचं तापमान पाण्याच्या बाजूला, २५ च्या थोडंसं वर असणार.

आता शेवटचं तापमान ट मानू.

६७.५ × (ट − ९५) + ८३६ × (ट − २५) = ०

९०३.५ ट = ६,४१२.५ + २०,९००

ट = ३०.२ अंश

अंदाज बरोबर आला. आणि तो नेहमी आधीच करायचा. शेवटचं तापमान दोन सुरुवातीच्या तापमानांच्या मधेच हवं. अवस्था बदलत नसेल तर याला अपवाद नाही. उत्तर १८.९ अंश आलं तर वही उलटी धरली गेली आहे. समीकरण ‘बेरीज शून्य’ असं मांडलं की ही चूक जवळजवळ होतच नाही. ‘दिलेली = घेतलेली’ असं मांडलंत, तर एका बाजूला (९५ − ट) असं उलटं लिहायची आठवण ठेवावी लागते, आणि तीच नेमकी राहून जाते.

## ५. बर्फ आला की थांबा

बर्फ वितळताना आणि पाणी उकळताना उष्णता जात राहते, तापमान मात्र जागचं हलत नाही. जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात ही गोष्ट नीट मोजून मांडली. ती उष्णता तापमापीवर दिसत नाही म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. तापमानाचा फरक शून्य, त्यामुळे मागचं सूत्र इथे निरुपयोगी. इथे चालतं ते: उष्णता = वस्तुमान × अप्रकट उष्मा.

वाफेने भाजलेलं उकळत्या पाण्यापेक्षा वाईट का, तेही याच आकड्यांत आहे. १०० अंशांचं १ ग्रॅम पाणी ३७ अंशांपर्यंत निवताना सुमारे २६३ ज्यूल देतं. १०० अंशांची १ ग्रॅम वाफ आधी पाणी होतानाच २२६० ज्यूल देते, मग वर ते २६३.

लांबलचक गणित असेल, उदाहरणार्थ उणे १० अंशांच्या बर्फाची वाफ करायची असेल, तर टप्पे पाडा: बर्फ तापतो, बर्फ वितळतो, पाणी तापतं, पाण्याची वाफ होते. चार टप्पे, चार ओळी, शेवटी बेरीज. बर्फाच्या टप्प्यात २.१ आणि पाण्याच्या टप्प्यात ४.१८. लोक सगळीकडे ४.१८ लावत सुटतात.

पण खरा सापळा दुसरा आहे, आणि तो परीक्षक फार आवडीने लावतात. ५० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात ० अंशांचा ४० ग्रॅम बर्फ टाकला. शेवटी तापमान किती?

समीकरण मांडायच्या आधी एक तपासणी करा: सगळा बर्फ वितळायला किती लागेल, आणि पाणी शून्यापर्यंत उतरलं तर किती देऊ शकेल?

लागणार: ४० × ३३४ = १३,३६० ज्यूल.

मिळू शकणार: १०० × ४.१८ × ५० = २०,९०० ज्यूल.

पुरतंय. सगळा बर्फ वितळून ७,५४० ज्यूल उरले. आता भांड्यात ० अंशांचं १४० ग्रॅम पाणी आहे (१०० नव्हे, वितळलेला बर्फही पाणीच झालाय) आणि उरलेली उष्णता त्याला तापवणार. ७,५४० ÷ (१४० × ४.१८) = १२.९. उत्तर १२.९ अंश.

आता तोच प्रश्न, पण बर्फ ८० ग्रॅम. लागणार २६,७२० ज्यूल, मिळणार तेच २०,९००. पुरत नाही. म्हणजे सगळा बर्फ वितळणारच नाही आणि शेवटचं तापमान ० अंश. वितळलेला बर्फ २०,९०० ÷ ३३४ = ६२.६ ग्रॅम, उरलेला १७.४ ग्रॅम तरंगत राहील. हीच तपासणी न करता थेट समीकरण सोडवलंत तर उत्तर उणे साडेसात अंशांच्या आसपास येतं. तापमान उणे आणि भांड्यात म्हणे सगळं द्रव पाणी! असं उत्तर मी स्वतः दोनदा अधोरेखित करून लिहिलंय.

## ६. कपातला प्रयोग: पाण्यावरून अभिक्रियेकडे

हा तो जोडणारा प्रकार. थर्माकोलच्या कपात पाणी घेऊन काहीतरी विरघळवतात किंवा आम्ल आणि आम्लारी मिसळतात, तापमान पाहतात आणि एका मोलमागची एन्थाल्पी काढतात.

१०० ग्रॅम पाण्यात ८.० ग्रॅम अमोनियम नायट्रेट विरघळवलं. तापमान २५.० वरून १९.४ अंशांवर आलं.

पहिली पायरी, द्रावणाची उष्णता. वस्तुमान १०८ ग्रॅम घ्यायचं, कारण विरघळलेला क्षारही आता द्रावणाचाच भाग आहे आणि तोही गार झालाय. काही पुस्तकं सोपं करायला फक्त पाण्याचं वस्तुमान घेतात. तुमच्या पुस्तकाची पद्धत पाहून घ्या आणि तीच धरून राहा. फरक १९.४ − २५.० = −५.६.

१०८ × ४.१८ × (−५.६) = −२,५२८ ज्यूल

दुसरी पायरी, वही बदला. हे उणे २,५२८ द्रावणाच्या वहीतले आहेत. विचारलंय विरघळण्याच्या प्रक्रियेचं. द्रावणाने गमावलं ते प्रक्रियेने घेतलं: +२,५२८ ज्यूल. ही चिन्ह उलटायची पायरी वहीत वेगळ्या ओळीवर लिहा, मनात करू नका. माझ्या त्या तीन चुकांपैकी दोन इथल्याच होत्या.

तिसरी पायरी, ‘कितीला?’. रेणुवस्तुमान ८०, म्हणून ८.० ग्रॅम म्हणजे ०.१० मोल. २,५२८ ÷ ०.१० = २५,२८० ज्यूल, म्हणजे सुमारे +२५.३ किलोज्यूल प्रति मोल. तक्त्यातला आकडा सुमारे २५.७. आपला थोडा कमी आला, कारण कप कितीही चांगला असला तरी बाहेरची उष्णता जराशी आत झिरपतेच आणि तापमान हवं तेवढं उतरत नाही. उष्मादायी प्रयोगात गळती उलट्या दिशेने होते, पण उत्तराचा आकडा तिथेही कमीच येतो.

आम्ल-आम्लारीच्या गणितात भागायचं कशाने, हा प्रश्न पडतो. तयार झालेल्या पाण्याच्या मोलने भागा. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी असतील तर आकडा उणे ५७ किलोज्यूल प्रति मोलच्या आसपास येतो, मग आम्ल हायड्रोक्लोरिक असो की नायट्रिक. कारण दोन्हीकडे प्रत्यक्षात घडतं ते एकच: हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी. दोन द्रावणं मिसळताना वस्तुमान दोन्हींचं मिळून घ्यायचं, हेही विसरायला सोपं.

बंद पोलादी कॅलरीमापीत ज्वलनाची गणितं याहून सोपी असतात. उपकरणाची उष्माधारकता दिलेली असते, तिला तापमानवाढीने गुणलं की झालं. १.०० ग्रॅम बेन्झोइक आम्ल जाळलं, उष्माधारकता १०.० किलोज्यूल प्रति अंश, वाढ २.६४ अंश: सुटली २६.४ किलोज्यूल. चिन्ह? तुम्हीच सांगा.

## ७. ‘कितीला?’: समीकरणाशेजारचा आकडा

मिथेन + २ ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड + २ पाणी (द्रव), डेल्टा एच = −८९० किलोज्यूल

हे −८९० कशाचे? समीकरण जसं लिहिलंय तसं एकदा घडलं तर. म्हणजे १ मोल मिथेनमागे ८९०, २ मोल ऑक्सिजनमागे ८९०, पाण्याच्या एका मोलमागे मात्र ४४५. समीकरण दुप्पट करून लिहिलंत तर आकडाही दुप्पट.

२४ ग्रॅम मिथेन जाळला: २४ ÷ १६ = १.५ मोल, म्हणून १.५ × ८९० = १,३३५ किलोज्यूल सुटली.

दोन्ही अभिक्रियाकारकांचं वस्तुमान दिलं असेल तर सावध व्हा. ३२ ग्रॅम मिथेन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन दिला आहे. मिथेन २ मोल, ऑक्सिजनही २ मोल. पण २ मोल मिथेनला ४ मोल ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन आधी संपतो, जळतो फक्त १ मोल मिथेन, सुटतात ८९० किलोज्यूल. १,७८० लिहिणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात भेटतो.

आणि समीकरण संतुलित आहे का, हे तपासल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

## ८. हेसचा नियम: वाट कुठलीही, फरक तोच

जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये हा नियम मांडला: अभिक्रिया एका टप्प्यात होवो की दहा, एकूण उष्णता तीच. ऊर्जेच्या अक्षय्यतेचं तत्त्व तेव्हा अजून पक्कं व्हायचं होतं. हेस नुसत्या मोजमापांवरून तिथे पोचले, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

उपयोग कुठे? जे थेट मोजता येत नाही तिथे. कार्बनपासून फक्त कार्बन मोनॉक्साइड बनवून त्याची उष्णता मोजायला जाल, तर थोडा डायऑक्साइडही होतोच. मग असं करतात:

(क) कार्बन + ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड, −३९३.५

(ख) कार्बन मोनॉक्साइड + ½ ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड, −२८३.०

हवं ते: कार्बन + ½ ऑक्सिजन → कार्बन मोनॉक्साइड

मोनॉक्साइड आपल्याला उजवीकडे हवा, (ख) मध्ये तो डावीकडे आहे. म्हणून (ख) उलटा करा आणि चिन्ह बदला: +२८३.०. आता दोन्ही मिळवा. डायऑक्साइड दोन्ही बाजूंनी उडतो, एकातून अर्धा ऑक्सिजन वजा होऊन अर्धा उरतो. −३९३.५ + २८३.० = −११०.५ किलोज्यूल.

इथली युक्ती एकच. हव्या असलेल्या समीकरणातला असा पदार्थ शोधा जो दिलेल्यांपैकी एकाच समीकरणात येतो. त्याची बाजू आणि त्याचा गुणक (समीकरणात त्याच्यापुढे लिहिलेला आकडा) जुळवा, मग पुढचा पदार्थ घ्या. ऑक्सिजनपासून कधीच सुरुवात करू नका. तो सगळीकडे असतो आणि शेवटी आपोआप जुळतो. जुळला नाही, तर आधी कुठेतरी चूक आहे. समीकरण दुप्पट केलं की आकडाही दुप्पट, हे वर आलंच.

## ९. निर्मिती एन्थाल्पीचा तक्ता

हा हेसचाच नियम, पण तयार शिजवून ठेवलेला.

डेल्टा एच = उत्पादितांची बेरीज − अभिक्रियाकारकांची बेरीज

प्रत्येक आकडा त्याच्या गुणकाने गुणून घ्यायचा. मूलद्रव्य त्याच्या नेहमीच्या स्थिर रूपात असेल तर शून्य, म्हणजे ऑक्सिजन वायू शून्य, ग्रॅफाइट शून्य. हिरा मात्र शून्य नाही, त्याचे सुमारे +१.९.

मिथेनचं ज्वलन पुन्हा: कार्बन डायऑक्साइड −३९३.५, द्रव पाणी −२८५.८, मिथेन −७४.८.

[−३९३.५ + २ × (−२८५.८)] − [−७४.८ + ०] = −९६५.१ + ७४.८ = −८९०.३ किलोज्यूल

वजा उणे म्हणजे अधिक. कंस न घालता लिहाल तर इथे घसराल. मी अजूनही घालतो.

दुसरा सापळा तक्त्यातच असतो: पाण्याच्या दोन ओळी. द्रवाची −२८५.८, वाफेची −२४१.८. वाफेची घेतलीत तर वरचं उत्तर −८०२.३ येतं. दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण वेगवेगळ्या प्रश्नांची. समीकरणात पाण्यापुढे कंसात द्रव लिहिलंय की वायू, हे बघूनच बोट ठेवा. फरकाचे ८८ किलोज्यूल म्हणजे दोन मोल वाफेचं पाणी होताना सुटलेली उष्णता.

## १०. बंध ऊर्जा, आणि उलटं सूत्र

बंध तोडायला ऊर्जा लागते, बंध जुळला की ऊर्जा सुटते. ‘बंधांत ऊर्जा साठलेली असते आणि तोडला की बाहेर पडते’ हे वाक्य इतकं ऐकू येतं की ते आधी डोक्यातून काढावं लागतं.

डेल्टा एच = तोडलेल्या बंधांची बेरीज − जुळलेल्या बंधांची बेरीज

तोडलेले म्हणजे अभिक्रियाकारकांचे. म्हणजे इथे अभिक्रियाकारक आधी, मागच्या सूत्राच्या बरोबर उलट! पाठ करून उपयोग नाही, परीक्षेत दोन्ही सूत्रं एकमेकांत मिसळतात. ‘तोडायला खर्च, जुळताना परतावा’ इतकं समजलं की पुरे.

हायड्रोजन + क्लोरीन → २ हायड्रोजन क्लोराइड. तोडले: ४३६ + २४३ = ६७९. जुळले: २ × ४३१ = ८६२. डेल्टा एच = −१८३ किलोज्यूल. निर्मिती तक्त्यावरून −१८४.६ येतं. रेणू जितके गुंतागुंतीचे, तितका हा फरक वाढतो, कारण बंध ऊर्जेचे बरेच आकडे अनेक रेणूंवरून काढलेल्या सरासरी असतात. ही पद्धत वायूंपुरतीच धरा, आणि दोन्ही तक्ते हाताशी असतील तर निर्मितीचाच वापरा.

बंध मोजण्याआधी रेणूची रचना काढा. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन दुहेरी बंध आहेत, ऑक्सिजनमध्ये एक दुहेरी, नायट्रोजनमध्ये एक तिहेरी. नुसत्या नावावरून हे दिसत नाही, आणि एकेरी बंधाचा आकडा घेतला की पुढचं सगळं फुकट.

## ११. उत्तर लिहिण्याआधी अर्धं मिनिट

पेन खाली ठेवायच्या आधी मी एवढं बघतो. ज्यूल आणि किलोज्यूल एकाच ओळीत मिसळलेत का? कपाच्या गणितात ते हमखास मिसळतात, कारण ४.१८ ज्यूलमध्ये असतं आणि उत्तर किलोज्यूलमध्ये मागतात. भांडं गरम झालं असेल तर डेल्टा एच उणे आली आहे ना? प्रश्न ‘किती उष्णता सुटली’ असा असेल तर उत्तर ‘८९० किलोज्यूल सुटली’ असं लिहा. ‘सुटली’ या शब्दातच उणे आलं. ‘−८९० किलोज्यूल सुटली’ लिहिलंत तर दोन नकार होतात.

आकार पटतो का, तेही पाहा. काही ग्रॅम क्षार विरघळला तर एक-दोन किलोज्यूल ठीक, हजारो नाहीत. एका मोल इंधनाच्या ज्वलनाला शेकडो किंवा हजारो किलोज्यूल ठीक, दोन-चार नाहीत. आणि तापमान एका दशांशापर्यंतच मोजलं असेल तर कॅल्क्युलेटरवरचे आठही आकडे उतरवू नका, दोन-तीन पुरतात.

सरावाला आजच एक गणित घ्या: ८ ग्रॅमऐवजी ४ ग्रॅम अमोनियम नायट्रेट, पाणी तेच १०० ग्रॅम. तापमान किती उतरेल ते +२५.७ वरून उलट्या दिशेने काढा. तीन अंशांच्या जरा खाली उत्तर आलं आणि तुम्ही वस्तुमान १०४ घेतलं असेल, तर वरचा सहावा भाग तुम्हाला जमला. पुढे बर्फाचं गणित घ्या.